मनाचे दुखणे लपवू नका



आज आपण एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. हे दुखणे अंगावर दिसत नाही. त्याला फोड येत नाही, सूज येत नाही. तापाची नळी लावली तर पारा चढत नाही. पण माणूस आतून झिजतो, आणि त्याच्याबरोबर घरही झिजते. हे दुखणे मनाचे.

कापणीच्या दिवसांत एखाद्याच्या हाताला विळा लागला तर काय होते? चार माणसे धावतात. कोणी हळद आणतो, कोणी रिक्षा आणतो. संध्याकाळी सगळी वाडी विचारपूस करायला येते.

आता त्याच वाडीत एखादा जवान मुलगा महिनाभर रात्री झोपत नाही. धड जेवत नाही. अंगणात उभा राहून कोणाशी तरी बोलतो, आणि समोर तर कोणीच नसते. तेव्हा काय होते? दार आतून बंद होते. आई म्हणते, "बाहेर बोलू नका." बाप म्हणतो, "धाकटीचं लगीन व्हायचंय." पाहुणे आले की त्या मुलाला मागच्या पडवीत बसवतात.

हाताला लागले तर सांगायचे आणि मनाला लागले तर लपवायचे. असे का?

कारण आपल्याला लाज वाटते. लोक हसतील अशी भीती वाटते. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. लोक हसतात हे खरे आहे. पण लपवल्याने दुखणे बरे होत नाही. ते वाढते. लवकर उपचार झाले असते तर जो मुलगा पुन्हा कामाला लागला असता, तोच चार वर्षे पडवीत बसून राहतो.

मग ही लाज जाणार कशी? आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. ज्यांनी हे दुखणे सोसले तेच पुढे होऊन बोलले, आणि लाज कमी झाली. अशा माणसांची हकीकत आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. आधी एक दूरदेशाची सांगतो, मग आपल्या मराठी माणसाची.

एका विद्यार्थ्याची हकीकत

अमेरिकेत येल नावाचे मोठे विद्यापीठ आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे एक मुलगा शिकत होता. त्याचे नाव क्लिफर्ड बिअर्स. त्याचा जन्म १८७६ सालचा. अभ्यासात बरा, बोलायला हुशार.

१८९४ साली त्याच्या थोरल्या भावाला फेफरे येऊ लागले. क्लिफर्डने ते डोळ्यांनी पाहिले, आणि त्याच्या मनात भीती बसली. "आज भावाला आलं, उद्या मला येईल." ही भीती त्याने कोणाला सांगितली नाही. वर्गात बसला तरी तीच भीती. रात्री पडला तरी तीच. तशा अवस्थेत त्याने शिक्षण पुरे केले. १८९७ साली पदवी घेतली आणि नोकरीही धरली. घरच्यांना वाटले, पोरगा मार्गी लागला.

पण न सांगितलेली भीती आत वाढतच होती. १९०० साली त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. दैवाने तो वाचला. पुढची तीन वर्षे मात्र त्याची तीन वेगवेगळ्या मनोरुग्णालयांत गेली.

त्याचे मन असे फिरले होते की सख्खा भाऊ भेटायला आला तरी त्याला वाटे, हा माझा भाऊ नव्हे. भावाचे सोंग घेतलेला पोलीस आहे. आई-वडीलसुद्धा त्याला खोटे वाटत. म्हणून तो कोणाशी बोलेना. दोन वर्षे असा मुका राहिला.

मग त्याला एक युक्ती सुचली. तिथल्याच दुसऱ्या एका रुग्णाकडून त्याने भावाच्या घरचा पत्ता मिळवला. त्या पत्त्यावर पत्र लिहिले. पत्रात लिहिले, तू खरा माझा भाऊ असशील तर भेटायला येताना हेच पत्र घेऊन ये. त्याचा हिशेब सोपा होता. पोलीस असेल तर त्याच्या हाती हे पत्र पडणार नाही. पत्र पोचेल ते भावाच्या घरी, आणि भावालाच मिळेल.

३० ऑगस्ट १९०२ रोजी भाऊ आला. त्याच्याजवळ ते पत्र होते.

क्लिफर्डने पत्र पाहिले, आणि दोन वर्षांचा संशय त्या घटकेला गळून पडला. समोर उभा होता तो भाऊच होता. म्हणजे आईही खरी होती आणि बापही खरा होता.

मंडळी, तुम्ही नुकतेच लिहा-वाचायला शिकला आहात. एक पत्र काय करू शकते ते बघा. आणि आणखी एक गोष्ट बघा. भावाने येणे सोडले नव्हते. समोरचा तोंडातून शब्द काढत नसतानाही तो येत राहिला. म्हणूनच पत्राचा उपयोग झाला.

यानंतरही क्लिफर्ड लगेच बरा झाला नाही. आधी तो मुका होता, आता अति बोलू लागला. त्याला आवरायला नोकरांनी मारहाण केली. हात अंगाशी बांधून टाकणारा सदरा त्याला घातला. थंड कोठडीत डांबले. हे हाल सोसताना त्याने मनाशी ठरवले, आपण बाहेर पडलो तर हे सगळे जगाला सांगायचे.

१९०३ साली तो बाहेर आला. पुन्हा नोकरी करू लागला. १९०५ साली आपले मन पुन्हा बिघडते आहे असे त्याला जाणवले. तेव्हा तो आपल्या पायांनी रुग्णालयात गेला, काही दिवस राहिला आणि परत आला. पहिल्या वेळी त्याने लपवले, आणि तीन वर्षे गेली. दुसऱ्या वेळी लपवले नाही, तर थोडक्यात भागले.

मग १९०८ साली त्याने आपली सगळी हकीकत पुस्तकात लिहिली. लोकांनी काळजीपोटी बजावले असेल, वेडा म्हणून नाव होईल, नोकरी मिळणार नाही. पण त्याने पुस्तकावर स्वतःचे नाव घातले. नाव लपवले असते तर लपवू नका हे सांगायचे कोणत्या तोंडाने? त्याच साली त्याने आपल्या राज्यात मनाच्या आरोग्यासाठी संस्था काढली. पुढच्या साली, १९०९ मध्ये, सगळ्या देशासाठी काढली. मोठमोठे डॉक्टर आणि प्राध्यापक त्याच्या मदतीला आले. रुग्णांना मारू नका, बांधू नका, त्यांना माणसासारखे वागवा, हे काम त्याने पुढे जन्मभर केले.

डॉक्टर आजार जाणतात. पण आतून तो कसा वाटतो ते सोसणाराच सांगू शकतो. म्हणून त्याचे लोकांनी ऐकले.

आपल्या मराठी घरातली हकीकत

आता तुम्ही म्हणाल, ही झाली साहेबाच्या देशातली गोष्ट. आपल्याकडे कोण बोलले?

डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे. ते कॅनडा देशात गेले आणि कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. मोठा हुद्दा, चांगला संसार. अशा घरात त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार झाला.

या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. कोणी आपल्या वाईटावर आहे असे वाटते. खरे काय आणि भास काय हे त्याला उमजत नाही. घरची माणसे समजावून थकतात. आपण ज्याला सरसकट "वेड" म्हणतो, त्यात पुष्कळदा हाच आजार असतो.

वाणी सरांनी काय केले? परदेशात राहून चार भिंतींत झाकता आले असते. विचारणारे कोण होते? पण त्यांनी झाकले नाही. आपल्या घरात हा आजार आहे असे त्यांनी उघड सांगितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपल्याला परदेशात उपचार मिळाले, पण महाराष्ट्रातल्या घरांचे काय, असा विचार त्यांनी केला. १९९७ साली पुण्यात त्यांनी एक संस्था सुरू केली. तिचे नाव स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. तिथे रुग्ण आणि त्यांची घरची माणसे एकत्र बसतात. कोणी कोणाला हसत नाही, कारण सगळ्यांचे दुखणे सारखे.

त्यांच्याच प्रयत्नातून २००४ साली "देवराई" हा मराठी सिनेमा आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो दिग्दर्शित केला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात काम केले. त्यातला शेष नावाचा माणूस कोकणातला. गावच्या देवराईवर त्याचा जीव. त्याला हा आजार होतो, आणि त्याची बहीण त्याला सांभाळते. बहिणीची ओढाताण, तिचा राग, तिची माया, सगळे त्यात आहे. पुष्कळ घरांनी तो सिनेमा बघून म्हटले असेल, अरे, हे तर आमच्या घरातलं आहे.

वाणी सर २०१७ साली वारले. संस्थेचे काम त्यांच्यामागेही राहिले.

अशी आणखीही माणसे बोलली. हिंदी सिनेमातल्या दीपिका पदुकोण यांना तुमची मुले ओळखतात. पैसा, रूप, नाव, कशाचीच उणीव नाही. त्यांनी २०१५ साली सगळ्यांसमोर सांगितले की आपल्याला नैराश्य आले होते, सकाळी उठावेसे वाटत नव्हते, आणि आपण उपचार घेतले. म्हणून कोणाला "तुला काय कमी आहे?" असे विचारू नका. मनाचा आजार गरिबी-श्रीमंती बघून येत नाही.

आपले रत्नागिरी

बाहेरगावचे लोक कोणाची चेष्टा करायची असली की ठाण्याचे नाव घेतात, येरवड्याचे घेतात. आपल्या कोकणात रत्नागिरीचे नाव घेतात. "ह्याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे." आपण हसतो आणि पुढे जातो.

पण त्या चेष्टेच्या मागे काय आहे? रत्नागिरी शहरात सरकारचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी आपल्या राज्यातली ही चार जुनी मनोरुग्णालये. त्यांत रत्नागिरीचे सर्वांत लहान. त्याच्या मंजूर खाटा ३६५ अशी नोंद आहे. वर्षाचे दिवस जितके, तितक्या खाटा.

लोकांचा समज असा की तिथे गेला तो कायमचा गेला. हा समज चुकीचा आहे. तिथे बाहेरून तपासणीला जाता येते. डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात आणि माणूस संध्याकाळी घरी येतो. फारच थोड्यांना दाखल करावे लागते, आणि त्यांतलेही पुष्कळ बरे होऊन परततात. मुंबईला चाकरीला गेलेला मुलगा सणाला परत येतो ना? तसाच हाही परततो.

पण एक दुःखाची गोष्ट आम्हाला सांगितली पाहिजे. राज्यातल्या मनोरुग्णालयांत अशीही माणसे असतात जी बरी झाली आहेत, पण त्यांना घरी न्यायला कोणी येत नाही. कोणी पत्ताच खोटा देऊन जातो. कोणाचा भाऊ म्हणतो, "तिथंच राहू दे." बायकांच्या वाट्याला हे जास्त येते. नवऱ्याने दुसरे घर मांडलेले असते आणि माहेरचे दार लागलेले असते. औषधाने आजार बरा झाला, पण घर मिळाले नाही. आता सांगा, तिथे आजारी कोण?

अमेरिकेतल्या त्या विद्यार्थ्याचा भाऊ येत राहिला म्हणून तो उभा राहिला. औषध दवाखान्यात मिळते. भाऊ घरातूनच यावा लागतो.

बाधा, भगत आणि साखळी

आम्ही गावात बोलायला उभे राहिलो की एक प्रश्न हमखास येतो. "हे आजाराचं खरं, पण आमच्याकडं बाहेरचं असतं, त्याचं काय?"

तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. देवाला गाऱ्हाणे घालायचे तर घाला. त्याने आईच्या जिवाला धीर येत असेल तर चांगलेच आहे. पण साप चावला तर आपण आता गाऱ्हाणे घालून थांबतो का? गाडी करून दवाखाना गाठतो. तसेच इथे करायचे. गाऱ्हाणेही घाला आणि गोळीही चुकवू नका.

एक गोष्ट मात्र कधीच करू द्यायची नाही. भूत उतरवतो म्हणून कोणी माणसाला मारत असेल, बांधत असेल, चटके देत असेल, धुरी देऊन गुदमरवत असेल, तर ते थांबवायचे. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. असे करणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडही होतो.

साखळीने काय होते ते एकदा साऱ्या देशाने पाहिले. तमिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याच्या झोपड्या होत्या. रुग्णांना साखळीने बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथे आग लागली. साखळ्यांमुळे त्यांना पळता आले नाही. २८ माणसे जळून मेली.

पुढे २०१७ साली देशात मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी तुम्ही ध्यानात ठेवा.

पहिली, मनोरुग्णाला साखळीने बांधायचे नाही. कोणीच बांधायचे नाही.

दुसरी, सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा माणसाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हे उपचार फुकट मिळाले पाहिजेत.

तिसरी, रुग्णाचा आजार त्याच्या मर्जीविरुद्ध गावभर सांगायचा नाही. बोलायचे की नाही ते त्याने ठरवायचे. आपण लपवू नका म्हणतो ते उपचारासाठी. दुसऱ्याची बोलवा करण्यासाठी नव्हे.

चौथी, जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर मनाचा फार मोठा ताण होता असेच कायदा धरतो. त्याला शिक्षा करायची नाही, मदत करायची. म्हणून पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरात दडवू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या.

ओळखावे कसे?

बंगळूरला निम्हान्स नावाची मोठी सरकारी संस्था आहे. तिने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत पाहणी केली. शंभर मोठ्या माणसांत दहा-अकरा जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता. त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आता तुमच्या वाडीची डोकी मोजा. म्हणजे हे दूरचे दुखणे नाही हे कळेल.

खुणा साध्या आहेत. झोप उडते, किंवा माणूस दिवसभर पडून राहतो. जेवणावरची वासना जाते. नेहमीच्या कामात मन लागत नाही. ज्याला भजनाची आवड तो भजनाला येत नाही. विनाकारण रडू येते. सारखा संशय येतो. नसलेले आवाज ऐकू येतात. दारू वाढते. बाळंतपणानंतर एखादी सून बाळाकडे बघतसुद्धा नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. सासू म्हणते, आळशी झाली. ती आळशी नसते, तिचे मन आजारी असते.

एक-दोन दिवसांची उदासी कोणालाही येते. पण अशी खूण दोन आठवडे टिकली तर डॉक्टरला दाखवायचे. आणि आवाज ऐकू येणे, जीव नकोसा वाटणे, अशी खूण असेल तर एक दिवसही थांबायचे नाही.

करावे काय?

पहिले काम ऐकणे. शेजारी बसा आणि म्हणा, "बोल, मी ऐकतो." मग गप्प बसा. "मन घट्ट कर," "नाटकं पुरे," असे म्हणू नका. पाय मोडलेल्याला आपण धाव म्हणतो का?

"तुला जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणसाला हायसे वाटते. तो हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. आंब्या-काजूवर फवारायची औषधे घरात असतील तर ती लगेच कुलुपात घाला, किल्ली शेजाऱ्याकडे द्या. वाईट घटका टळली की पुष्कळदा जीव वाचतो.

दुसरे काम दाखवणे. आपल्या आशाताईंना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याची किंवा मनोरुग्णालयाची वाट कळते. जायला गाडी नसेल तर फोन करा. १४४१६ हा नंबर आहे. त्याला टेली-मानस म्हणतात. सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. १० ऑक्टोबर हा सगळ्या जगात मानसिक आरोग्याचा दिवस म्हणून पाळतात.

तिसरे काम टिकणे. मनाच्या पुष्कळ गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. चार दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका. बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने सोडू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तसे कमी करा. भात आज पेरून उद्या कापता येत नाही.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तिथे समुद्रकासवे किनाऱ्यावर अंडी घालून जातात. गावकरी त्या अंड्यांभोवती कुंपण करतात. कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखतात. पिल्लू बाहेर आले की त्याला समुद्राकडे सोडतात. पोहते ते पिल्लूच. गाव फक्त राखण करतो. आजारी मनाचेही असेच आहे. बरे व्हायचे असते ते त्या माणसालाच. त्याला बळ येईपर्यंत आपण भोवती राखण करायची.

शिकणाऱ्या मुलांकडे बघा

शेवटी एक सांगायचे आहे. हे आजार बहुतेकदा तरुण वयात सुरू होतात. क्लिफर्डच्या मनात भीती बसली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तुमची मुले आता शिकायला रत्नागिरीला, पुण्याला, मुंबईला जातात. खोली घेऊन राहतात. परीक्षेचे ओझे असते, पैशाची ओढ असते. आपण फोनवर विचारतो, "मार्क किती पडले?" त्याबरोबर एवढेही विचारा, "झोप लागते ना? जेवतोस ना? कोणाशी बोलतोस?"

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक शिकलेला समुपदेशक असला पाहिजे. समुपदेशक म्हणजे मुलांचे ऐकून घेणारा, वाट दाखवणारा जाणता माणूस. तुमच्या मुलाच्या कॉलेजात असा माणूस आहे का, हे पालकांच्या सभेत विचारा. विचारायला लाजू नका.

आणि उद्या तुमच्या गावातली एखादी मुलगी किंवा मुलगा चार माणसांत उभा राहून म्हणाला, "मला हा आजार झाला होता, मी उपचार घेतले, मी आता बरा आहे," तर काय कराल? हसाल? की त्याला पुढे बसवून त्याचे ऐकाल? त्याच्या त्या चार वाक्यांनी कदाचित दुसऱ्या घरातले पडवीचे दार उघडेल. असा मुलगा गावाला लाज आणत नाही. तो गावाचे काम करतो. त्याला नोकरी द्या, आपली मुलगी द्या, पंगतीला शेजारी बसवा. त्याच्या बोलण्याला मान मिळाला तरच दुसरा बोलेल.

एवढे ध्यानात ठेवा

मनाचे दुखणे हे दुखणेच आहे. ते पाप नव्हे, शाप नव्हे.

लवकर सांगितले तर लवकर आवरते.

बांधू नका, मारू नका, हसू नका.

देवाला हात जोडा आणि डॉक्टरांचेही ऐका.

बरा होऊन आलेल्याला घरात घ्या.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आज घरी गेल्यावर एक काम करा. चुलीशेजारच्या भिंतीवर किंवा दाराच्या मागे कोळशाने ठळक लिहा, १४४१६. घरातल्या सगळ्यांना दिसेल असे लिहा. शेजारणीला लिहिता येत नसेल तर तिच्या दारामागेही तुम्हीच लिहून द्या.